एका घंटीला उठायचं नाही

रामकिसनचा नागसेन सायकलवर येणार, हे ऐकून केदारखेड्यात बऱ्याच जणांची करमणूक झाली. पुण्यात चांगली नोकरी, बुडाखाली मोटार, आणि माणूस सायकल चालवायला तीनशे किलोमीटर येतो म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी बिघाड असला पाहिजे, असं पंक्चर काढणाऱ्या भुजंगचं स्पष्ट मत होतं. तो हे मत दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला हवेसोबत फुकट देत होता. रामकिसनच्या कानावरही ते गेलं. त्यानं मनावर घेतलं नाही. पोरगा कशावर बसून येतो याच्याशी त्याला काय करायचं होतं? बैलगाडीत बसून आला असता तरी चाललं असतं. येत होता, एवढंच त्याला पुरे होतं.

नागसेन शेवटचा आला होता आईच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला. एक रात्र राहिला, तीही मांडीवर लॅपटॉप घेऊन. त्याला आता दीड वर्ष झालं. फोन यायचे, नाही असं नाही. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, थंडी आहे का. रामकिसन हो म्हणायचा, हो म्हणायचा, आहे म्हणायचा, आणि फोन संपायचा. गेल्या दिवाळीला तर पोराऐवजी एक गिअरची सायकल आली, खोक्यात बसून. तिला एकवीस गिअर होते. रामकिसनला त्यातले दोन पुरत. बाकीचे एकोणीस नुसते शोभेला. एक कमी मात्र त्याला पहिल्याच दिवशी टोचली. एवढ्या थाटाच्या सायकलीला घंटी नव्हती. त्यानं आपल्या जुन्या काळ्या सायकलीची पितळी घंटी सोडवली आणि नव्या सायकलीच्या दांड्याला आवळून बसवली, तेव्हा कुठं ती सायकल त्याला आपली वाटली.

त्या घंटीनं चौतीस वर्षं सरकारची नोकरी केली होती. रामकिसन टपालवाला होता. पूर्णेच्या दोन्ही काठांच्या अकरा वस्त्या त्याच्याकडे होत्या. पाऊस असो, ऊन असो, सकाळी पिशवी घेऊन निघायचं आणि दुपार कलताना परत यायचं. कुठल्या पांदीत बैलगाडीची चाकोरी खोल आहे, कुठल्या ओढ्याला कितव्या नक्षत्रापर्यंत पाणी राहतं, कुठल्या बांधावर बाभळीचे काटे पडतात, हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. म्हणून नागसेनचा फोन आला तेव्हा रामकिसनला वाटलं, आयुष्यभर शिकलेला धडा अखेर कुणीतरी म्हणून दाखवायला सांगतंय.

"बाबा, आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप आहे," नागसेन म्हणाला होता. "नदीकाठानं एक सोपा रस्ता पाहिजे. चढ नको, खडी नको. नवीन शिकणारे आहेत, बाया आहेत. पंधरा-सोळा किलोमीटर झाले तरी बस. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी येतो. तुमच्यासोबत एकदा चालवायचीच आहे."

शेवटचं वाक्य रामकिसननं मनात कितीदा म्हणून पाहिलं, त्याची मोजदाद नाही. तुमच्यासोबत एकदा चालवायचीच आहे.

मग तो रस्त्याच्या मागे लागला. पुलापासून त्याच्या घरापर्यंत सरळ वाट अवघी दोन किलोमीटरची. पण सरळ वाटेनं पोरगा अर्ध्या तासात आला आणि गेला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा रामकिसननं मुद्दाम घातला. पुलापाशी उतरायचं, नदीच्या डाव्या अंगाच्या गाडवाटेनं कपाशी आणि तुरीतून जायचं, सहाव्या किलोमीटरला साखराबाईची वस्ती डाव्या हाताला ठेवायची, बंधाऱ्यावरून पलीकडे व्हायचं, आणि ज्वारीच्या शेतांमधून फिरून दहाव्या किलोमीटरला थेट त्याच्या दारात. तिथं चहा. आणि तिथून हमरस्त्यापर्यंतचे सहा किलोमीटर बापलेक सोबत. असा सगळा हिशेब होता. रस्ता सोपा असावा पण लवकर संपू नये, एवढी एकच अट त्यानं स्वतःला घातली होती.

पंधरा दिवस तो हातात खराटा घेऊन ती वाट झाडत होता. गिअरच्या सायकलींचे टायर जाड असले तरी बाभळीचा वाळला काटा जाडी-बिडी ओळखत नाही, आणि डिसेंबरात सराटे तर असे पसरतात की अनवाणी माणूस देवाचं नाव घेत नाचायला लागतो. कापूस वेचणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून बघायच्या. एकीनं विचारलंच, "टपालवाले, रस्ता झाडून कुणाची वरात येऊन राह्यली?" रामकिसन म्हणाला, "पोरगा येऊन राह्यलाय." ती बाई हसली नाही. तिचाही एक चाकणला होता.

झाडून झाल्यावर रस्ता मोबाइलला दाखवायचा होता. नागसेननं फोनवरून तीनदा शिकवलं. निघताना हिरवं बटण, पोचल्यावर लाल. मधे हात लावायचा नाही. "तुम्ही जाल तसा तो लिहून घेतो, बाबा. कुठं वळले, कुठं थांबले, सगळं." रामकिसनला हे पटलं. पोस्टात त्याचीही रोजची अशीच नोंद व्हायची, फक्त ती त्याला स्वतः लिहावी लागायची.

एका सकाळी त्यानं पुलावर हिरवं बटण दाबलं आणि निघाला. सहाव्या किलोमीटरला साखराबाईच्या वस्तीचं वळण आलं. वस्ती डाव्या हाताला ठेवून पुढे जायचं होतं. पण हँडल आपोआप डावीकडे वळलं. रामकिसनला त्यात काही वावगं वाटलं नाही. गेली अडीच वर्षं ते रोजच वळत होतं.

साखराबाई म्हणजे मेंढरंवाल्या धुळाजीची बायको. पंच्याहत्तरीच्या पुढची. धुळाजी वारला, मेंढरं विकली गेली, मुलगा गोरक्षनाथ सून मनीषाला घेऊन कंपनीच्या गावाला गेला. आता वस्तीवर एक लिंब, तीन शेळ्या आणि ती. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिच्या सासूनं रामकिसनच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं. सासू गेली तशी साखराबाईनं तांब्याच त्याच्या हातात दिला, आणि या गोष्टीबद्दल दोघं कधी एक शब्द बोलले नाहीत. रामकिसनची बायको बेबीनंदा गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी ही म्हातारी चालत त्याच्या दारात आली होती. काही न बोलता भिंतीला टेकून बसली, दुपारी उठून परत गेली. तेव्हापासून रामकिसन तिच्याकडे जायचा. लिंबाखालच्या बाजेवर बसायचा. ती शेळ्यांना पाला तोडायची. बोलणं म्हणजे ऊन फार पडलं, न्हाईतर थंडी उतरली. पाऊण तासानं तो उठायचा.

खरं म्हणजे घंटीचा नियमही तिच्यामुळेच झाला होता. त्या काळी धुळाजी मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर असायचा. कुठं पोचला, जिवंत आहे का, हे वाटेतल्या एखाद्या मास्तराकडून कार्डावर लिहून घ्यायचा आणि पेटीत टाकायचा. रामकिसन वळणावरून जाताना सवयीनं घंटी वाजवायचा, आणि साखराबाई हातातलं काम टाकून वळणापर्यंत पळत यायची. एकदा ती अशीच आली, कोपरापर्यंत पीठ, दम लागलेला. रामकिसनकडे काही नव्हतं. ती म्हणाली, "असू द्या," आणि फिरली. तिची ती परत जाणारी पाठ रामकिसनला बघवली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं अकराही वस्त्यांना सांगून टाकलं. दोन घंट्या वाजल्या तर या, तुमचं टपाल आहे. एकच वाजली तर आज काही नाही, मी नुसता चाललोय, उठू नका.

त्याला या नियमाचा फार अभिमान होता. चौतीस वर्षांत त्याला ना बढती मिळाली ना बक्षीस, पण किती माणसांची फुकटची धाव आपण वाचवली, हे आठवलं की त्याला बरं वाटायचं. बेबीनंदाला तर त्यानं हे इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी शेवटी ती म्हणायची, कळलं, एका घंटीला उठायचं न्हाई, आता जेवा.

तर त्या सकाळी तो साखराबाईकडे बसला, पाणी प्यायला, उठला. बंधारा ओलांडून आपल्या घरी आला. कुलूप काढलं, माठातलं पाणी घेतलं, रिकाम्या घराकडे एकदा बघितलं आणि कुलूप लावून पुढे निघाला. हमरस्त्यावर पोचून लाल बटण दाबलं. मोबाइलनं सगळं लिहून घेतलं होतं.

दोन दिवसांनी नागसेनचा फोन आला. आवाज खुश होता. "बाबा, एक नंबर रस्ता काढला. फक्त थांबा एकच ठेवू. ग्रुपवाले म्हणतेत जागोजागी थांबलं की उशीर होतो. तुम्ही जिथं थांबता तिथंच आम्ही थांबू, तिथंच भेटू. बाकीचं वळण काढून टाकतो. बराबर ना?"

"बराबर," रामकिसन म्हणाला.

आपण जिथं थांबतो ते म्हणजे आपलं घर, दुसरं काय असणार? काढून टाकायचं वळण म्हणजे साखराबाईचं. त्याला क्षणभर वाईट वाटलं. एवढी माणसं तिच्या दारावरून जाणार आणि कुणी आत वळणार नाही. सांगावं का पोराला, की म्हातारीकडेही दोन मिनिटं डोकवा? पण सांगितलं तर ती दोन मिनिटं कुठून तुटणार? चहाच्या वेळेतूनच की. तो गप्प बसला. माणूस एरवी कितीही भला असो, आपल्या पोराच्या वाट्याचं मिनिट तो दुसऱ्याला देत नाही.

रविवार उजाडला. रामकिसननं विहारातून पंचवीस कप आणून धुऊन ओट्यावर पालथे घातले होते. गूळ फोडून ठेवला, शेंगदाणे भाजून ठेवले. भुजंगकडून दोन्ही चाकांत हवा भरून आणली. भुजंग म्हणाला, "तुम्हीबी पळणार का पोराच्या मागं?" रामकिसन म्हणाला, "मागं न्हाई. सोबत." पहाटेच त्यानं मोबाइलचं हिरवं बटण दाबून ठेवलं. आजचा दिवस लिहून घेतला जावा असं त्याला वाटलं. ते बटण बॅटरी खातं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नऊच्या सुमारास फोन काळा पडला. लाइट दुपारपर्यंत येणार नव्हती, रविवारचं हे नेहमीचंच.

घर गावाच्या कडेला होतं. नदीकाठची वाट तिथून खाली तीनशे पावलांवर, पण मधे उसाचं शेत आणि वेड्या बाभळी, त्यामुळे ओट्यावर बसून वाट दिसत नाही, टोकाला उभं राहिलं तर घराच्या पाऊलवाटेचं खालचं तोंड तेवढं दिसतं. ऐकू मात्र सगळं येतं. रामकिसन स्वच्छ सदरा घालून ओट्यावर बसला. आठ वाजता बसला तो नऊला बसलेला होता, दहाला बसलेला होता. दोनदा चहा उकळला, दोनदा उतरवला. काहीतरी पंक्चर झालं असेल. नवीन लोक आहेत, हळू चालवत असतील. आपण काटे नीट झाडले नाहीत का, असाही विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो हाकलून दिला.

साडेदहाच्या पुढे खालून घंटी वाजली. एकदा.

रामकिसनची मान वर झाली. हात कपाकडे गेला. पण तो उठला नाही. एक घंटी म्हणजे कुणीतरी नुसतं चाललंय. शिकवणीची पोरं रविवारी त्या वाटेनं सायकलवर जायची, त्यातलंच कुणी असेल. आपल्याकडे यायचं असतं तर पुन्हा वाजली असती. चौतीस वर्षं ज्यानं हा नियम पाळला, त्याच्या पायांना दुसरं काही सुचलंच नाही. तो कान देऊन बसला. दुसरी घंटी वाजली नाही. उसातून वारा गेला, कुठंतरी बाया बोलल्यासारख्या वाटल्या, मग तेही थांबलं.

नंतर पाच-दहा मिनिटांनी पलीकडच्या बारक्याशा चढावर, जिथं वाट बाभळीतून बाहेर पडून हमरस्त्याकडे वळते, तिथं त्याला रंग दिसले. लाल, पिवळी, निळी शिरस्त्राणं. एकामागे एक. वीस-एकवीस तरी होती. ती चढ चढली आणि पलीकडे उतरली.

रामकिसन उभा राहिला. हाक मारायला तोंड उघडलं, पण एवढ्या लांब हाक जात नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यानं पालथ्या कपांकडे बघितलं. मग सायकल काढली आणि खाली वाटेवर आला. गाठायचं असतं तर अजून गाठता आलं असतं कदाचित. पण वाटेवर आला आणि तिथंच थांबला, कारण धुळीत सगळं लिहिलेलं होतं.

त्यानंच झाडलेली वाट. तिच्यावर जाड नक्षीच्या टायरांचे पट्टे, एकात एक गुंतलेले, सरळ पुढे गेलेले. घराच्या पाऊलवाटेला एकही वळला नव्हता. नाही, एक वळला होता. एकच पट्टा बाकीच्यांतून सुटून घराकडे वळला होता. दहा पावलं वर आला होता. तिथं बुटाचा एक पाय टेकवल्याची खूण होती. आणि तिथूनच तो पट्टा अर्धा गोल घेऊन परत गेला होता.

रामकिसन त्या बुटाच्या खुणेकडे किती वेळ बघत होता कोण जाणे. माणूस तीनशे किलोमीटर येतो आणि शेवटची तीनशे पावलं त्याच्याच्यानं होत नाहीत. राग म्हणावा तर राग नव्हता, आणि रडायला आता वयही राहिलं नव्हतं. ते गेले तिकडे जायची त्याला हिंमत झाली नाही. म्हणून ते जिथून आले तिकडे त्यानं सायकल वळवली. पट्टे उलटे वाचत वाचत तो निघाला. ज्वारीतून, बंधाऱ्यावरून. इथं कुणीतरी घसरलंय. इथं दोघं शेजारी-शेजारी चाललेत, गप्पा मारत. आणि साखराबाईच्या वळणावर येऊन बघतो तर सगळे पट्टे आत वळलेले होते. सगळे.

वळणावर त्यानं घंटी वाजवली नाही. तसाच आत गेला. साखराबाई लिंबाखाली पेले धूत होती. तिच्याकडे एवढे पेले नसावेत. तांबे, वाट्या, शेळीच्या दुधाचं मापसुद्धा तिनं बाहेर काढलं होतं.

"आत्ता आले?" ती म्हणाली.

"ते इथं आल्ते?"

"आल्ते म्हंजे? एकवीस जण. घागर रिकामी केली त्यांनी. एक पोरगी तर शेळीसंगं फोटू काढून राह्यली होती." ती हसणार होती, पण त्याचा चेहरा बघून थांबली. "तुमचा नागसेन त्या बाजेवर बसल्ता. तुमच्या जागेवर. सारखा वाटेकडं बघत होता. म्हणला, बाबा इथंच येणारेत. आमचं ठरलंय म्हणला."

"घरी ठरलं होतं," रामकिसन म्हणाला. "जिथं थांबतो तिथं, असं ठरलं होतं."

साखराबाईनं हातातला पेला खाली ठेवला. "मंग त्याला तसंच वाटलं ना भाऊ. मला म्हणला, मावशी, बाबा इथं रोज किती वेळ बसतेत? म्या म्हणलं, बसतेत घडीभर. तर म्हणला, घडीभर न्हाई, सत्तेचाळीस मिनिटं. मोबाइलात लिहून आलंय म्हणला. अन् स्वतःच्या घरी दोन मिनिटं." तिनं बाजेकडे बोट केलं. "एवढं बोलला अन् मंग नुस्ता शेळ्याकडं बघत बसला. माझ्या गोरक्षनाथासारखाच दिसतो बसला का."

रामकिसन बाजेवर बसला. बाज अजून मधे दबलेली होती की त्याला तसं वाटलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. दोन मिनिटं. त्यात कुलूप काढायला अर्धं आणि लावायला अर्धं. उरलेल्या एका मिनिटात माठातलं पाणी. त्या घरात याहून जास्त थांबून करायचं काय, हे त्याला बेबीनंदा गेल्यापासून उमगलं नव्हतं, आणि ते आपल्याला उमगत नाही हे त्यानं कुणालाही कळू दिलं नव्हतं. मोबाइलनं ते लिहून घेतलं आणि पोरानं पुण्यात बसून वाचलं.

"पाऊण तास थांबला तो," साखराबाई म्हणाली. "फोन लावून राह्यला तर लागत न्हाई. बाकीचे जल्दी करा, जल्दी करा म्हणत होते, त्यांच्या गाड्या रोडला थांबल्या होत्या. उठला मंग. म्हणला, घराखालून जाताना घंटी वाजवतो. घरी असले तर येतील खाली."

"वाजली," रामकिसन म्हणाला. "ऐकली म्या."

"मंग?"

"एकदाच वाजली."

साखराबाईनं खाली ठेवलेला पेला पुन्हा उचलला. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर त्याला या बोलण्याचा अर्थही कळला नसता. भुजंग हसला असता. नागसेनला बिचाऱ्याला नियम ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. घरी यायला टपालवाल्याला घंटी कुठं वाजवावी लागते? पण ही बाई चौतीस वर्षं त्या एका घंटीच्या पलीकडे राहत होती.

"एकदाच," ती शेवटी म्हणाली. "मंग तुम्ही कशाला उठताल."

"तेच ना."

"नियमच तसा तुमचा."

"नियमच तसा." रामकिसन तळव्यांकडे बघत होता. खराटा धरून दोन्ही तळव्यांना घट्टे पडले होते. "लोकांची धाव वाचावी म्हणून केल्ता. तुमच्यासाठीच केल्ता खरं तर. तुम्ही पिठाच्या हातानं आल्त्या एकदा, अन् माझ्याकडं काही नव्हतं. बघवलं न्हाई. त्यानंतर तुमची धाव तर वाचली."

साखराबाई पदरानं पेला पुसत होती. पुसून झाला तरी पुसत राहिली.

"कोण म्हणलं वाचली?" ती म्हणाली. "म्या तर रोज उठत होते."

रामकिसननं वर बघितलं.

"एक वाजली का दोन वाजल्या, घंटी तर वाजली ना भाऊ. कुणीतरी माणूस वाटेनं चाललंय, एवढं तर कळायचं. पळत येत नव्हते, तुम्ही सांगितल्तं म्हणून. पण दारात येऊन उभी राहायचे. तुमची पाठ दिसायची, ती खाकी पिशवी दिसायची. तुम्ही बंधाऱ्याकडं वळले की मंग परत कामाला." ती अगदी साधेपणानं सांगत होती, जसं काही त्याला हे माहीतच होतं. "तुम्ही कधी मागं बघितलं न्हाई, म्हणून तुम्हाला ठाऊक न्हाई."

चौतीस वर्षं. ज्या एका गोष्टीचा त्यानं जन्मभर अभिमान धरला, ती या दारात एक दिवसही चालली नव्हती. आणि ज्या एका दिवशी त्यानं स्वतः उठायला हवं होतं, त्या दिवशी तो तीच गोष्ट पाळत बसला. दहा पावलं वर येऊन पोरगा उभा होता. उठून ओट्याच्या टोकाला नुसता उभा राहिला असता तरी दोघं एकमेकांना दिसले असते.

साखराबाईनं तांब्या आणून त्याच्या हातात दिला. घागर खरंच रिकामी झाली होती, तळातलं पाणी होतं. तो प्यायला.

"लाइट आली की फोन करा त्याला," ती म्हणाली.

"करतो."

"काय सांगताल?"

"बघू."

तो किती वेळ बसला, हे या वेळी कुणी लिहून घेतलं नाही. ऊन कललं तसा उठला. घरी पंचवीस कप पालथे पडले होते, ते विहारात परत द्यायचे होते. सायकल हातात धरून लिंबाखालून वळणापर्यंत चालत आला. पट्ट्यांवरून एक शेळी चालून गेली होती. तो सायकलवर बसला, आणि सवयीनं अंगठा घंटीवर गेला. आज त्याच्याकडे कुणाचं काही नव्हतं. त्यानं एकदाच वाजवली.

चार पायडल मारले. मग त्यानं ब्रेक दाबला, एक पाय धुळीत टेकवला, आणि मागं वळून बघितलं.

ती दारात उभी होती.